मानकापूरच्या छताखाली

पांढुर्ण्याहून निघा की सौंसरहून, नागपूरला जाणारे आपले दोन्ही रस्ते सावनेरला एक होतात. पाटणसावंगी मागे पडली, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या, की समजायचं शहर आलं. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, पोरीची ॲडमिशन असो की संत्र्याचा हिशोब, आपल्याकडच्या माणसाचं नागपूर मानकापूरपासून सुरू होतं. तिथेच कोराडी रस्त्यावर विभागीय क्रीडा संकुल आहे आणि त्यात एक इनडोअर स्टेडियम. बसमधली माणसं तोवर बॅगा काढायच्या गडबडीत असतात, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. बघायला हवं. कारण त्या छताखाली जे चालतं ते भल्याभल्या कारखान्यांत चालत नाही.

२०१७ हे एकच वर्ष घ्या. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी दीक्षाभूमीवर जाऊन आले, कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच त्यांनी राष्ट्राला अर्पण केले, आणि भीम-आधार ही पैसे देण्याघेण्याची सोय सुरू केली ती याच मानकापूरच्या हॉलमधून. म्हणजे त्या दिवशी हॉल सभागृह होता. ऑगस्टमध्ये तिथेच प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामाचे सामने झाले. गंमत म्हणजे नागपूरचा संघच नव्हता. बेंगळुरू बुल्सने त्या वर्षी हे आपलं घरचं मैदान केलं होतं. आणि नोव्हेंबरमध्ये ८२ वी राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा. ८ तारखेच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालने पी. व्ही. सिंधूला २१-१७, २७-२५ असं हरवलं. दुसऱ्या गेमचा आकडा पुन्हा वाचा. वीस-वीस झाल्यावर दोन गुणांची आघाडी लागते, तेव्हा सत्तावीसपर्यंत जाणं म्हणजे दोघींपैकी कोणीच सोडायला तयार नव्हती. पुरुषांत एच. एस. प्रणॉयने किदाम्बी श्रीकांतला तीन गेममध्ये नमवलं.

आठ महिन्यांत भाषण, पकड आणि स्मॅश. भिंती त्याच, छत तेच. मग बदललं काय?

आधी मापं पाहू. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. बॅडमिंटनचं कोर्ट त्याहून अरुंद, १३.४० बाय ६.१० मीटर. व्हॉलीबॉल १८ बाय ९, बास्केटबॉल २८ बाय १५, हँडबॉल ४० बाय २०. थंड मुलखात आइस हॉकीचं आंतरराष्ट्रीय मैदान ६० बाय ३० पर्यंत जातं. तेवढ्यात कबड्डीची जवळजवळ चौदा मैदानं बसतील. बहुउद्देशीय हॉल बांधायचा तर तो सगळ्यांत मोठ्या खेळाच्या मापाने बांधावा लागतो, आणि मग छोट्या खेळाला प्रेक्षक फार लांब पडतात. हँडबॉलच्या हॉलमध्ये मधोमध कबड्डी खेळवली तर पहिल्या रांगेतल्या माणसालाही बोनस रेषा नीट दिसणार नाही. म्हणून चांगल्या हॉलमधल्या खालच्या खुर्च्यांच्या रांगा चाकांवर असतात. मोठा खेळ असला की त्या एकीखाली एक सरकून भिंतीला लागतात, छोटा खेळ असला की बाहेर येऊन मैदानाच्या कडेपर्यंत पोचतात.

पण खरी करामत पायाखाली असते. चांगल्या हॉलची लाकडी फळी काँक्रीटवर थेट ठोकलेली नसते. खाली रबराचे ठोकळे, त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी, त्यावर प्लाय आणि सगळ्यांत वर आपल्याला दिसते ती गुळगुळीत फळी. उडी मारून खेळाडू खाली आला की ही सगळी रचना काही मिलिमीटर दबते आणि परत वर येते. डोळ्याला कळत नाही, गुडघ्याला कळतं. रोज शेकडो उड्या मारणाऱ्या पोराची नुसत्या काँक्रीटवर दोन-तीन वर्षांत काय अवस्था होते, हे कुठल्याही कोचला विचारा.

त्या फळीवर बॅडमिंटनच्या वेळी प्लास्टिकच्या मॅटच्या गुंडाळ्या उलगडतात. कबड्डीसाठी त्या जातात आणि फोमचे चौकोनी, दातेरी कडांचे तुकडे एकमेकांत अडकवून नवी जमीन तयार होते. आपल्याकडे कबड्डी म्हणजे शाळेचं पटांगण, पाणी मारून दाबलेली माती आणि फक्कीने आखलेल्या रेषा. मातीवरचा खेळाडू अनवाणी असतो, बोटं रुतवून उभा राहतो, पकड बसली की घसरत जातो. मॅटवर बूट घालावे लागतात आणि पाय घसरत नाही, चिकटतो. त्यामुळे घोट्याची पकड जास्त घट्ट बसते आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. मातीवर तरबेज असलेले कित्येक जण मॅटवर पहिल्या दिवशी चाचपडतात ते याच कारणाने. छत आलं आणि मागून मॅट आली, तसा खेळही थोडा बदलला. मातीवरच्या जुन्या कबड्डीची गोष्ट निघालीच आहे तर, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वरूडमार्गे अमरावती आपल्याला काही लांब नाही. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, त्यात कबड्डीही होती. त्या पथकातल्या कोणी आज मानकापूरची मॅट पाहिली असती तर आधी बोटाने दाबून पाहिली असती, एवढं नक्की.

आता छत. छताने खेळ बदलल्याचं सगळ्यांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतलं आहे. ह्यूस्टन शहरात १९६५ साली ॲस्ट्रोडोम नावाचं बेसबॉलचं बंद स्टेडियम उभं राहिलं. मध्ये एकही खांब नाही आणि घुमटाचा विस्तार दोनशे मीटरच्या घरात. आत खरं गवत वाढावं म्हणून छताला हजारो पारदर्शक तावदानं बसवली. पण त्या लखलखाटात खेळाडूंना उंच उडालेला चेंडूच दिसेना. मग तावदानं रंगवली. ऊन अडलं, चेंडू दिसला आणि गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं कृत्रिम गवत अंथरलं आणि त्या स्टेडियमवरून त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं. दहाच वर्षांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि मातीच्या नि गवताच्या मैदानांवर वाढलेला भारताचा संघ सातवा आला. पराभवाला इतरही कारणं होती. तरी ह्यूस्टनच्या एका छतापासून आपल्या हॉकीपर्यंत ही साखळी येते, याचं मला अजून नवल वाटतं.

खांबाशिवाय मोठी जागा झाकायची हौस आपल्याकडे जुनी आहे. विजापूरचा गोल घुमट १६५६ चा. आतला चौक बाजूला सुमारे ४१ मीटर, मध्ये एकही खांब नाही. नुसत्या मापापुरतं बोलायचं तर हँडबॉलचं मैदान त्यात मावेल. पण तिथे सामना खेळवता येणार नाही, कारण तिथला आवाज मरत नाही. घुमटाच्या सज्जात उभं राहून टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला पोचते. सहलीला गेलेल्या पोरांना ही मजा वाटते. स्टेडियम बांधणाऱ्या इंजिनिअरच्या दृष्टीने हे भय आहे. पंचाची शिट्टी चार वेळा ऐकू आली तर खेळाडूने थांबायचं कोणत्या शिट्टीला?

या प्रश्नाचं गणित वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने हार्वर्ड विद्यापीठात १८९५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मांडलं. तिथल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही; म्हणजे वक्ता पुढच्या वाक्यात गेला तरी मागचं वाक्य हवेतच. सॅबिनने रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, एकेक करून मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. हाती आलेला नियम साधा आहे: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त टिकतो, आणि आवाज शोषणारी वस्तू जितकी जास्त तितका लवकर विरतो. यातली मौज अशी की माणूस स्वतः उत्तम शोषक आहे. कपडे, केस, अंग, सगळं आवाज गिळतं. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी सराव करताना चेंडूचा प्रत्येक टप्पा कानात घुमतो; संध्याकाळी तोच हॉल माणसांनी भरला की टप्पा तसा घुमत राहत नाही. कबड्डीत याचा थेट संबंध आहे. चढाई करणारा दम घुमवतोय की मध्येच श्वास घेतला, हे पंचाला ऐकू यायला हवं. म्हणून आजच्या हॉलच्या छताखाली आणि भिंतींवर भोकं पाडलेले पत्रे आणि त्यामागे लोकरीसारखा भराव असतो. दिसायला ती नुसती सजावट वाटते.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र हवा. आपल्याकडे नवतपा लागला की घरोघरी कूलर सुरू होतात. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये कूलर लावला तर खेळ संपला. शटलचं वजन नियमाने ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे एका बडीशेपच्या पुडीपेक्षाही कमी, आणि त्याला सोळा पिसं. पंख्याच्या झुळकेनेही ते रेषेबाहेर जातं. त्यामुळे मोठ्या हॉलमध्ये थंड हवा वरच्या रुंद नळ्यांतून इतकी सावकाश सोडतात की कोर्टावर ती वाहिल्यासारखी वाटू नये. तरी थोडी वाहतेच. खेळाडू तिला ड्रिफ्ट म्हणतात. सामना सुरू होण्याआधी अनुभवी खेळाडू दोन-चार शटल उंच मारून बघतात, ते ड्रिफ्ट कुठल्या बाजूला आहे हे जोखायला. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायची आणि तिसऱ्या गेममध्ये कोणाचे अकरा गुण झाले की पुन्हा बदलायची, या नियमामुळे हवेचा फायदा-तोटा दोघांत वाटला जातो.

शटलची नळी हातात आली तर तिच्यावरचा आकडा बघा. ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. ते शटलचं वजन आहे, ग्रेन या जुन्या मापात. ७७ ग्रेन म्हणजे पाच ग्रॅमला किंचित कमी. हवा गरम असली की विरळ होते, शटलला कमी अडवते आणि शटल लांब जातं. अशा ठिकाणी कमी आकड्याचं, सावकाश जाणारं शटल वापरतात. एका आकड्याचा फरक म्हणजे साधारण फूटभर अंतर. म्हणजे सगळ्या सामन्याची मेहनत एका फुटावरून वाया जाऊ शकते, म्हणून सामन्याआधी शटलची परीक्षा होते. खेळाडू एका टोकाच्या मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारतो, आणि शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं तरच पास. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक त्रास: पिसं ठिसूळ होऊन लवकर तुटतात. त्यावर खेळाडूंचा घरगुती इलाज असा की गरम पाण्याच्या भांड्यावर नळी धरून पिसांना वाफ द्यायची. चहाचं भांडं उकळतंय आणि त्यावर एक पोरगा शटलची नळी धरून उभा आहे, हे दृश्य आपल्या भागातल्या बॅडमिंटनवाल्या घरांना नवं नाही.

आणि ही सगळी हवा तापवतं कोण? बरंचसं काम आपणच करतो. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. हॉलमध्ये पाच हजार माणसं बसली तर ती पाचशे किलोवॅट झाली. ती काढून टाकायला घरातले दीड टनाचे सुमारे ९५ एसी लागतील. दिवे, छतावरचं ऊन आणि खेळाडूंची धावपळ यात धरलेलीच नाही. सामना रंगला, लोक उभं राहून ओरडायला लागले की हा आकडा आणखी चढतो. प्रेक्षक असा आवाज शोषतो आणि हवा तापवतो. हॉल बांधणाऱ्याच्या हिशोबात आपण तिकीट काढलेले रसिक नसतो, बांधकामाचा एक भाग असतो.

आपल्याकडे उकाडा बाहेर ठेवायची ही धडपड, तर रशियात नेमकी उलट. बाहेर उणे पंचवीस असताना आत दहा हजार माणसं स्वेटर काढून बसतील एवढी ऊब हवी आणि त्याच छताखाली मधोमध बर्फही टिकायला हवा. मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानातला क्रीडा महाल १९५६ सालचा. सप्टेंबर १९७२ मध्ये सोव्हिएत संघ आणि कॅनडा यांच्या गाजलेल्या आइस हॉकी मालिकेचे शेवटचे चार सामने तिथे झाले आणि अखेरच्या सामन्यात वेळ संपायला ३४ सेकंद उरले असताना कॅनडाने मालिका जिंकली. त्याच महालात १९८० च्या ऑलिंपिकला बर्फ नव्हता. तिथे जिम्नॅस्टिक्स आणि ज्युदो झाले, नादिया कोमानेचीने तिथे सुवर्ण मिळवलं. त्याच ऑलिंपिकसाठी मॉस्कोत बांधलेल्या ऑलिंपिस्की स्टेडियमची गोष्ट तर आणखी अजब. आवाज पलीकडे जाऊ न देणारी एक हलती भिंत मधोमध उभी केली आणि एकाच छताखाली, एकाच वेळी, इकडे बास्केटबॉल आणि तिकडे बॉक्सिंग चालू ठेवलं.

बर्फाचं मैदान तयार होतं कसं? काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांची जाळी पुरलेली असते आणि त्यातून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेलं खारट पाणी किंवा ग्लायकोल फिरत राहतं. वरून पाण्याचा बारीक फवारा मारतात. तो गोठला की पुढचा. मध्ये एक थर पांढऱ्या रंगाचा, कारण नुसत्या बर्फातून खालचं काँक्रीट करडं दिसतं. त्यावर रेषा रंगवायच्या, वर पुन्हा पाणी. शेवटी जाडी भरते जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. हॉकीला बर्फ कडक लागतो, उणे पाच-सहाच्या आसपास. नाचणाऱ्या स्केटिंगपटूंना किंचित मऊ हवा, म्हणून तो दोन अंशांनी कमी थंड ठेवतात. आणि दुसऱ्या दिवशी बास्केटबॉल असेल तर बर्फ वितळवत नाहीत. त्यावर उष्णता अडवणाऱ्या फळ्या पसरतात, त्यावर लाकडी कोर्टाचे तुकडे जोडतात. रात्रभरात माणसांची टोळी हे काम उरकते. सकाळी घामाने निथळणारे खेळाडू जिथे उड्या मारतात, त्यांच्या बुटांखाली वीतभरही नाही अशा अंतरावर हॉकीचा बर्फ शाबूत असतो.

या लवचीकपणाचा आपल्याला झालेला सगळ्यांत मोठा उपयोग खेळाशी संबंधित नव्हता. मुंबईत वरळीला सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम आहे, लोक त्याला एनएससीआय डोम म्हणतात. प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी तिथेच झाला. २०२० मध्ये त्याच छताखाली कोविडच्या रुग्णांसाठी खाटांच्या रांगा लागल्या. खांब नसलेली मोठी जागा, उंच छत, मोठी दारं, वीज, पाणी आणि स्वच्छतागृहं हे सगळं तयार असल्याने जमलं. खेळासाठी केलेला खर्च वाया गेला असं म्हणणाऱ्यांनी त्या वर्षीची मुंबई आठवावी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. नवा जिल्हा म्हटला की कलेक्टर ऑफिस येतं, कोर्ट येतं, आणि आज ना उद्या इनडोअर हॉलची गोष्ट निघतेच. आपल्याकडे खेळणाऱ्या पोरांची कमी नाही. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेत दगड फेकण्याऐवजी त्या हातांना दुसरं काही मिळालं तर मला तरी बरं वाटेल. तेव्हा नकाशा दाखवायला कोणी आलं तर दर्शनी भाग किती भव्य आहे ते पाहत बसू नका. कोर्टाच्या वर मोकळी उंची किती, ते विचारा. बॅडमिंटनला ९ मीटर तरी हवी आणि मोठ्या स्पर्धा आणायच्या तर १२. फळीखाली रबर आहे की नुसतं काँक्रीट, हे फळी बसायच्या आधी जाऊन पाहा, नंतर ते दिसणार नाही. मेच्या दुपारी आत हवा कशी फिरणार आणि विजेचं बिल कोण भरणार, हे लिहून मागा. आणि संध्याकाळी सहा वाजता पोरं खेळायला आली तर हॉलची किल्ली कोणाकडे असेल, तेही आत्ताच ठरवून घ्या.